वरच्या मजल्याचं नूतनीकरण: आधी ऊन अडवायचं की सोलर बसवायचं?

गच्चीखाली (पुणे)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर घराचं काम काढायचं ठरलंय. १९८९ सालची चार मजली इमारत, आमचा फ्लॅट सगळ्यात वर, डोक्यावर थेट गच्ची. मोठी बेडरूम पश्चिमेला. मार्च लागला की दिवसा एक वेळ बरं असतं, पण रात्री जेवणं उरकेपर्यंत छताकडून झळ यायला लागते. पंखा लावला तर तीच गरम हवा अंगावर येते. एप्रिल-मेमध्ये वीज ३०० युनिटच्या वर जाते आणि पुढच्या टप्प्याचा दर लागला की बिल एकदम फुगतं. सासूबाईंना एसी सोसत नाही, गुडघे धरतात.

ठेकेदाराने अंदाजपत्रक दिलंय. सगळ्या फरश्या उखडून व्हिट्रिफाइड, घरभर फॉल्स सीलिंग, दोन्ही बेडरूमना दीड टनाचे एसी आणि वर "सोलर घ्या, बिल शून्य होईल". मला हे उलट्या टोकाने चाललंय असं वाटतं. घर तापू द्यायचं, मग ते गार करायला यंत्रं आणायची, मग त्या यंत्रांना वीज पुरवायला पॅनेल लावायची. तोडफोड आणि राडारोडा कमीत कमी, आणि विजेचा वापर कायमचा खाली, असं जमेल का? पैसे मर्यादित आहेत, म्हणून कुठलं काम आधी ते सांगा.

स्थापत्यरेषा (नाशिक)

ताई, तुमची शंका रास्त आहे. माझा व्यवसायच हा असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्यावर तिथे शून्य सावलीचा दिवस येतो, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा गच्चीवर, शिवाय सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलतो, क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेचं ऊन घरात येतं आणि ते हवंहवंसं असतं. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र छज्जा कितीही लांब काढा, पाच वाजताचं तिरपं ऊन त्याच्याखालून आत शिरणारच. तिथे उभा आडोसा लागतो. बांबूची चीक, लाकडी पट्ट्या, वेल, काहीही चालेल, पण काचेच्या बाहेरून. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलेलंच असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच फिरत राहते.

आता रात्रीची झळ. पाच-सहा इंची काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि ते खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. दुपारी दोनचं ऊन तुम्हाला जेवणाच्या वेळी जाणवतं ते यामुळे. फॉल्स सीलिंगने हा स्लॅब झाकला जातो, तापायचा काही थांबत नाही. इलाज गच्चीवरच व्हायला हवा. उष्णता स्लॅबमध्ये शिरण्याआधी अडवली तर स्लॅबच गार राहतो.

केंद्राची २०१८ ची 'इको निवास संहिता' नव्या इमारतींसाठी असली तरी तिच्यातला एक आकडा जुन्या घराला उपयोगी आहे. छतातून उष्णता किती सहज पार होते त्याचं माप, म्हणजे यू-मूल्य, १.२ च्या वर जाऊ नये असं ती सांगते. उघड्या काँक्रीट स्लॅबचं हे माप तीनच्या आसपास असतं. त्यावर ४० मिलिमीटर एक्सपीएस (दाबून बनवलेल्या घट्ट फोमच्या लाद्या) घातलं की ते एकच्या खाली येतं. क्रम असा: आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस, त्यावर उतार धरून पातळ काँक्रीट आणि सगळ्यात वर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या चकचकीत टाइल्सचे तुकडे.

एक मात्र बजावून सांगतो. गच्चीवर आधीच विटांच्या तुकड्यांचा कोबा असणार. गळती झाली की त्यावर दुसरा कोबा, मग तिसरा, असं करत पस्तीस वर्षांत बऱ्याच इमारतींच्या डोक्यावर नको इतकं वजन चढलेलं असतं. नवा थर घालण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

विदर्भी_ऊन (नागपूर)

वरचं सगळं पटलं, पण तेवढं बजेट नसेल तर या उन्हाळ्यापुरता चुना मारा. आमच्याकडे दरवर्षी होळीनंतर हाच कार्यक्रम असतो. रीत लिहितो, कारण घाईत केलं की पापुद्रे निघतात आणि लोक म्हणतात चुन्यात काही अर्थ नाही.

गच्ची खराट्याने झाडून धुवायची, शेवाळ तारेच्या ब्रशने काढायचं. चुना आदल्या रात्री ड्रममध्ये भिजवायचा. कळीचा असेल तर तो उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवा, चेहरा वर नेऊ नका. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि त्यात फेव्हिकॉल मिसळायचा. गच्ची थोडी ओली असतानाच पहिला हात, उन्हं उतरल्यावर. कोरड्या तापल्या स्लॅबवर मारला तर स्लॅब पाणी ओढून घेतो आणि चुन्याची नुसती भुकटी उरते. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिल्याला आडवा. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या गच्चीवर तळहात टेकवून बघा आणि शेजारच्या काळ्या डांबरी शीटवर टेकवून बघा. तिथे क्षणभर ठेववत नाही.

पावसात निम्मा धुऊन जातो, पुढच्या वर्षी परत मारायचा. अहमदाबादने २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यानंतर वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली, तेलंगणाने २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरणच आणलं. विदर्भात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आपल्याकडे हे शासनाने कधीच मनावर घ्यायला हवं होतं. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला चुन्याची एक गोणीसुद्धा मोठा आधार आहे.

आणि कूलर! दीड टनाचा एसी जिथे दीड हजार वॅट खातो तिथे कूलर दीड-दोनशेत भागतो. खिडकी उघडी हवी एवढंच.

युनिटमोजणी (डोंबिवली)

कूलर तुमच्या कोरड्या हवेत ठीक. आमच्याकडे हवेतच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही, खोली नुसती चिकट होते. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये चालेल, जूनच्या ढगाळ दिवसांत नाही.

मी पंख्यांवर बोलतो, कारण हिशेब सगळ्यात सोपा तिथेच आहे. साधा जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॅट, बीएलडीसी (बिनब्रशच्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. घरात पाच पंखे म्हणजे शंभर युनिट. ताई, तुमचं बिल वरच्या टप्प्यात जातं, त्यामुळे वाचणारं युनिट सगळ्यात महाग दराचं असतं. २०२३ च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, दुकानात ते बघूनच घ्या. वायरमनला मात्र सांगा, बीएलडीसीला जुना रेग्युलेटर जोडायचा नाही, तो काढून टाकायचा.

एसी घ्यावाच लागला तर एकच घ्या, इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा), २६ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. तापमान एक अंश वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. सासूबाईंनाही २६ सोसेल.

पिंपळपार (ठाणे)

आम्ही वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंग केलं आणि फरक पडला. सरसकट नावं ठेवू नका.

स्थापत्यरेषा (नाशिक)

पडला असणार, विशेषतः वर ग्लासवूल भरलं असेल तर. सोसायटी गच्चीला हात लावू देत नसेल तेव्हा तोच मार्ग उरतो. पण त्यात पाऊण फूट उंची जाते, पंखा खाली येतो, आणि स्लॅब तापत राहिल्यामुळे त्याचं प्रसरण-आकुंचन चालूच राहतं. भेगा आणि गळती तिथूनच सुरू होतात. शिवाय सीलिंगच्या वर गळती झाली तर डाग दिसेपर्यंत सळई गंजलेली असते. १९८९ च्या इमारतीत मला स्लॅबची खालची बाजू डोळ्यांसमोर हवी.

माळवद (धाराशिव)

वाचतोय, छान धागा. आमच्या जुन्या घराला मातीचं माळवद होतं. लाकडी सर (तुळया), त्यावर किलचन (लाकडी पट्ट्यांचा थर) आणि वर हातभर पांढरी माती. वैशाखातही आत पांघरूण लागायचं. लोक हल्ली "पूर्वीची घरं किती थंड" म्हणून तसलं बांधकाम परत करा म्हणतात, म्हणून हे लिहायला बसलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली ती त्याच जाड दगडी भिंती आणि त्याच जड छपरांखाली. भिंतीतला चिखल सुटला, दगड निसटले आणि वरची माती अंगावर आली.

माती वाईट नव्हती, ती धरून ठेवणारं काही नव्हतं. आता आमच्याकडे काँक्रीटच्या स्लॅबवर लोक बाजरीचं सरमाड पसरतात, कोणी उन्हाळ्यापुरतं हिरवं शेडनेट चार फूट उंच ताणतात. हलकं, स्वस्त आणि सावली पक्की. गच्चीवर वजन वाढवून गारवा आणू नका, सावली करून आणा.

जांभाचिरा (रत्नागिरी)

माळवद दादांना अनुमोदन. कोकणात उलटं झालंय. चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं असलेली घरं पत्र्याची होत चालली आहेत. दोष लोकांचा नाही. माकडं कौलं फोडतात, दर पावसाळ्याआधी शाकारायला माणूस मिळत नाही आणि म्हातारी माणसं कुठे चढणार? पण पत्रा टाकला की दुपारी माजघरात बसवत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही.

आमच्या वाडीत दोन-तीन घरांनी खाली पत्रा आणि त्यावर रीप ठोकून जुनीच कौलं लावली. पाणी गळत नाही, कौल फुटलं तरी घर भिजत नाही, आणि मधल्या पोकळीतून गरम हवा कोन्याकडे (छपराच्या माथ्याकडे) निघून जाते. जुने वासे ऐनाचे असतील आणि वाळवी नसेल तर बदलूच नका, तसं लाकूड आता मिळत नाही. वासे किती भार घेतील ते सुताराकडून आधी बघून घ्या.

ईसारकाठ (म्युनिक)

इथल्या घराला ऊर्जेचं प्रमाणपत्र असतं, घर विकताना किंवा भाड्याने देताना ते दाखवावं लागतं. भिंतींना बाहेरून जाड वेष्टन आणि तिहेरी काचा. आईचं कोल्हापूरचं घर दुरुस्त करताना मला तसंच सगळं करायचा मोह झाला होता. पण इथली गरज थंडी बाहेर ठेवायची आहे. खरं उचलण्यासारखं आहे ते खिडकीबाहेरचं शटर. ऊन आलं की लोक ते बाहेरून खाली ओढतात. काचा कितीही भारी असल्या तरी ऊन बाहेरच अडवतात.

स्थापत्यरेषा (नाशिक)

अगदी. पुण्यात दुहेरी काचेवर खर्च करण्याआधी ते पैसे बाहेरच्या आडोशाला लावा. रस्त्याच्या आवाजासाठी दुहेरी काच हवी असेल तर गोष्ट वेगळी.

खिडक्या बदलणार असाल तर अजून एक. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. चार फुटांच्या खिडकीतून दोन फूट वारा. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची केली तर पूर्ण वारा मिळतो. पुण्यात उन्हाळ्यातही पहाटे हवा गार असते. रात्रभर ती घरात खेळू द्यायची आणि सकाळी नऊला पश्चिमेची बाजू बंद करायची. मच्छरजाळी लावायला मात्र विसरू नका, नाहीतर संध्याकाळी खिडक्या बंदच राहतील.

गच्चीखाली (पुणे)

सगळ्यांचे आभार. किती तरी गोष्टी एकदम लख्ख झाल्या. फरशीबद्दल कोणी सांगेल का? सध्या जुनी मोझॅक आहे, पिवळट आणि थोडी खडबडीत झालीय, पण एकही फुटलेली नाही. आणि गीझर दोन आहेत, ते जुने झालेत.

फरशीवाला (सांगली)

एकही फुटलेली नाही तर उखडता कशाला? मोझॅक घासून पॉलिश होते. जाड खड्यापासून बारीक खड्यापर्यंत मशीन फिरवतात, बारीक भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरतात. वरचा मळका थर गेला की आतले संगमरवरी तुकडे नव्यासारखे दिसतात. मी बापाच्या हाताखाली मोझॅक टाकायला शिकलो, त्या जाडीचा माल आता कोणी टाकत नाही.

हिशेब करा. सहाशे चौरस फूट फरशी खालच्या मालासकट उखडली की सहा-सात टन राडारोडा होतो. चौथ्या मजल्यावरून पोत्यांनी उतरवायचा, टेम्पो भरायचा. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनी तो वेगळा करून ठरलेल्या जागी पोचवायची जबाबदारी घरमालकावर टाकली. पुण्याचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे, आणि तरी किती गाड्या रात्री नदीकाठी रिकाम्या होतात ते रोज दिसतं. नदीत भराव आपणच घालतो आणि पुराच्या वेळी आपणच रडतो, याची मला फार चीड येते.

जुन्या फरशीवर चिकटवून नवी टाकतात तेही सुचवतील. वजन चौरस फुटाला दोन किलोच्या वर वाढतं आणि सगळे दरवाजे खालून तासावे लागतात.

पॉलिश करताना एक सांभाळा. जो पांढरा चिखल निघतो तो मोरीत सोडू देऊ नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा, खालचा गाळ वाळवून पोत्यात भरा.

युनिटमोजणी (डोंबिवली)

गीझरचं गणित: वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धं युनिट. चार माणसं, चार बादल्या, रोजची दोन युनिट. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात हा इथे फायदा आहे. सोलर वॉटर हीटर डोक्यावरच बसेल, पाइप आखूड राहील. चौघांना शंभर लिटरचा पुरतो, आणि गरम पाण्याच्या पाइपला वेष्टन घालाच. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर तांब्याच्या पाइपांत क्षार धरतात, काचेच्या नळ्यांचा घ्या. पावसाळ्यासाठी एक गीझर ठेवा, दुसरा काढून टाका.

नळांना एरेटर बसवा. काही रुपयांची जाळी आहे, पण बेसिनचं पाणी निम्म्यावर येतं. कमी पाणी म्हणजे सोसायटीचा पंपही कमी चालतो.

सोसायटीचं_दप्तर (पुणे)

आमच्या सोसायटीचा कारभार पाहतो, म्हणून सोलरबद्दल लिहितो. गच्ची सामाईक असते. एकट्याने पॅनेल लावायची तर संस्थेची लेखी परवानगी हवी, आणि उद्या खालच्या मजल्यांनी तेवढीच जागा मागितली तर ती पुरणार नाही. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि महिन्याला सरासरी १२० युनिटच्या आसपास वीज मिळते.

'पीएम सूर्य घर' योजनेत वैयक्तिक घराला दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. मला दुसरा मार्ग जास्त बरा वाटतो, कारण फायदा सगळ्यांच्या देखभाल खर्चात वाटला जातो आणि भांडणं होत नाहीत. पॅनेलची सावली पडते तेवढा स्लॅबही कमी तापतो. शिवाय सोलर, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर पुणे महापालिका मिळकत करात पाच टक्के सवलत देते, एकाहून अधिक असतील तर दहा.

पण क्रम पाळा. पॅनेल पंचवीस वर्षं राहतात. त्यांच्याखाली गळणारी गच्ची ठेवली तर पुढे सगळा सांगाडा उतरवून परत चढवावा लागतो, आणि तो खर्च कोणाचा यावर सभा गाजते. आधी गच्ची, मग पॅनेल.

गच्चीखाली (पुणे)

घरात बसून यादी केली. फरश्या राहणार, पॉलिश होणार. फॉल्स सीलिंग रद्द. पाचही पंखे बदलायचे, पश्चिमेच्या खिडकीला पल्ले आणि बाहेरून चीक. एक गीझर जाणार, सोलर वॉटर हीटर येणार. एसीचा निर्णय पुढचा उन्हाळा बघून. गच्चीचं काम सोसायटीने केलं तर सगळ्यांच्याच इमारतीचं आयुष्य वाढेल, म्हणून सभेत विषय घेते. इंजिनिअरकडून अहवाल घेऊ. ते होईपर्यंत होळीनंतर चुना. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरी मालेगावला त्या लहानपणी गच्चीला चुना द्यायच्या, भिजवायची जबाबदारी त्या घेणार आहेत.

सभेत "वॉटरप्रूफिंगवर एवढा खर्च कशाला, वर केमिकल मारून घेऊ" असं हमखास कोणीतरी म्हणेल. त्यांना काय सांगू?

स्थापत्यरेषा (नाशिक)

त्यांना सांगा, कुठलंही काम घ्या, पण पाणी तुंबवून चाचणी दिल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही, हे करारातच लिहा. पन्हाळीची तोंडं बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी किमान अठ्ठेचाळीस तास उभं ठेवायचं आणि खालच्या सगळ्या खोल्यांची छतं रोज बघायची. कोबा काढावा लागला तर मजुरांना ब्रेकर लावू देऊ नका, स्लॅबला हादरे बसतात, छिन्नी-हातोड्यानेच काढा. कठडा आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यात गोलाईचा वाटा (सिमेंटची गोल कड) सगळीकडे फिरवून घ्या, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. एक्सपीएस घालायच्या आधी ही चाचणी, आणि चायना मोझॅक झाल्यावर परत एकदा.

अहवाल आला की कोब्याची जाडी इथे टाका, त्यावरून किती वजन उतरवता येईल ते सांगतो.